खडा नसलेलं दुखणं

माझं पित्ताशय काढून टाकलं त्याला आता सहा वर्षं होतील. पोटावर उजव्या बाजूला वीतभर व्रण आहे, बाकी काही नाही. गेल्या वर्षभरात तीन बायका मला मुद्दाम भेटायला येऊन गेल्या. तिघींच्याही पोटात दुखत होतं आणि तिघींच्याही तपासण्यांत काही निघत नव्हतं. प्रत्येकीला सगळं पहिल्यापासून सांगताना वाटलं, एकदा लिहूनच ठेवावं. मी डॉक्टर नाही, नाशिकरोडच्या एका प्राथमिक शाळेत शिकवते. त्यामुळे यात औषधांची नावं सापडणार नाहीत. काय झालं, एवढंच सापडेल.

पौर्णिमेची खीर

अठ्ठ्याहत्तर सालची बुद्धपौर्णिमा. आमच्या कॉलनीतल्या विहारात सकाळी वंदना झाली आणि मग खीर वाटली. म्हशीच्या दुधाची, आटवलेली, वर साय धरलेली. मी दोन वाट्या खाल्ल्या आणि घरी येऊन भांडी घासायला बसले. तासाभरानं उजव्या बरगडीखाली काहीतरी आवळायला लागलं.

बाळंतपणाची कळ येते आणि ओसरते, मध्ये श्वास घ्यायला जागा असते. ही तशी नव्हती. ही चढत गेली आणि चढल्या जागी थांबून राहिली. तिचं एक टोक पाठीत, उजव्या खांद्याच्या पात्याखाली निघालं. बसवेना, आडवं पडवेना. मी भिंतीला डोकं टेकून उभी राहिले. दोन तासांनी कळ गेली, इतकी अचानक की मी भिंतीपासून दूर व्हायलाच घाबरत होते.

माझे मिस्टर, भीमराव, एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात बॉयलरवर होते आणि त्या दिवशी पहिल्या पाळीला गेले होते. घरात मी, आमची चार वर्षांची छाया आणि सासूबाई. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे. त्या नांदगावकडच्या. जन्मभर दुसऱ्याच्या शेतात राबून त्यांनी एकट्या मुलाला शिकवलं होतं. त्यांनी माझ्या बेंबीला हिंग लावला, ओवा चावायला दिला आणि म्हणाल्या, "वायू धरला असंल. खीर लय जड होती."

मलाही तसंच वाटलं.

दूध

कळ पुन्हा आली. जूनमध्ये दोनदा, जुलैत चारदा. एकदा वर्गात, तिसरीची मुलं पाढे म्हणत असताना. मी टेबलाला धरून वाकले तर मुलांना वाटलं मी काही शोधते आहे, आणि दोघीजणी मदतीला खाली वाकल्या.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि अल्सर ठरवला. त्या काळी अल्सर म्हटलं की दूध. दर दोन तासांनी कपभर दूध, तिखट बंद, चहा बंद.

हे ऐकून आत्याबाईंचा चेहरा उजळला. औषध त्यांच्या हातातलं होतं. त्यांच्या लहानपणी दूध ही दुसऱ्यांच्या घरची गोष्ट होती. मुलाला त्या पिठाचं पाणी पाजत, हे त्यांनी मला एकदाच आणि अगदी साधेपणानं सांगितलं होतं. आता सुनेला दूध द्यायचं, तर त्यांनी पलीकडच्या वस्तीतला गवळी ठरवला, समोर उभं राहून धार काढून घेऊ लागल्या. दूध तापवून निववायच्या आणि वरची जाड साय चमच्यानं माझ्या कपात सोडायच्या.

"पी माय. साय टाकलीये. आतली जखम भरून येईल."

मी पीत होते. सकाळी शाळेला निघताना एक कप, मधल्या सुट्टीत बाटलीतला एक कप, घरी आल्यावर एक. दुखणं आठवड्यातून तीनदा येऊ लागलं.

दिवाळीनंतर पांढरं औषध पाजून पोटाचे फोटो काढले. त्यात अल्सर दिसला नाही. डॉक्टर म्हणाले, "दिसत नाही म्हणजे नाही असं नसतं. दूध चालू ठेवा."

मग जानेवारीत गवळ्याच्या घरी कोणी वारलं आणि चार दिवस दूध आलं नाही. चारही दिवस मला काही झालं नाही. पाचव्या दिवशी दूध आलं. साडेबाराच्या सुमाराला मी मुख्याध्यापिकांच्या खोलीतल्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन पडले होते.

मी मुलांना विज्ञान शिकवते. एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहायची, हे दरवर्षी फळ्यावर लिहिते. शाळेच्या जुन्या वहीची कोरी पानं घेतली आणि काय खाल्लं, किती वाजता, कधी दुखलं, असं लिहू लागले. दूध बंद करायचं तर आत्याबाईंना सांगायला हवं होतं. ते धैर्य झालं नाही. मी त्यांच्यासमोर कप तोंडाला लावायची आणि त्या वळल्या की छायाला पाजायची. छाया गुटगुटीत होत गेली. दोन आठवडे माझं पोट गप्प होतं. मग एका रविवारी मी मुद्दाम सायीसकट पेलाभर दूध प्यायले आणि पाऊण तासानं दुखायला लागलं. दुखत असतानाच मी वहीत वेळ लिहिली. ते अक्षर आजही मला वाचता येत नाही.

वही घेऊन डॉक्टरांकडे गेले. त्यांनी दोन पानं चाळली.

"बाई, दुधानं अल्सर शमतो. दुधानं कधी वाढलाय का? तुमच्या मनानं दुधाचा धसका घेतलाय."

"पण मी पंधरा दिवस..."

"बघा, हे इतकं लिहून ठेवता, हेच लक्षण आहे. शांत झोपेच्या गोळ्या देतो."

भीमराव शेजारीच बसले होते. बाहेर पडल्यावर म्हणाले, "डॉक्टर म्हणतात मनाचं आहे, तर मन जरा दुसरीकडे लाव ना." ते रागावून बोलले नाहीत. पाळीवरून आले होते, डोळे लाल झाले होते. पण ते वाक्य माझ्या आत बराच काळ राहिलं. एवढ्या महिन्यांत मी सगळ्यात एकटी झाले असेन तर त्या फुटपाथवर.

त्याच आठवड्यात छायाला बाहुली खेळताना पाहिलं. ती बाहुलीला मांडीवर घेऊन पुढे वाकली, डोळे मिटले आणि म्हणाली, "थांब हं बाळा, आईची कळ जाऊ दे." ते पाहून मी ठरवलं की दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायचं.

सरकारी दवाखाना

नाशकातल्या सरकारी दवाखान्याच्या बाह्यरुग्ण विभागात मी शाळेला रजा टाकून एकटीच गेले. तिथे देवरे नावाचे सर्जन होते, बागलाणकडचे, पन्नाशीचे, कमी बोलणारे. बाहेर रांग होती, तरी त्यांनी माझी वही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. मग विचारलं, "तळलेलं खाल्लं की?"

"तेव्हाही."

"आणि नुसता भात-वरण?"

"काही होत नाही."

"मग तुम्हीच सांगितलंत की," ते म्हणाले आणि एक चिठ्ठी लिहिली. पित्ताशयाचे फोटो.

आदल्या संध्याकाळी तेलतुपाचा थेंब नसलेलं जेवण आणि मग पाचपाच मिनिटांनी एकेक अशा सहा गोळ्या. त्या गोळ्यांचं औषध पित्तात उतरतं आणि एरवी फोटोत न दिसणारी पित्ताची पिशवी दिसू लागते. सकाळी उपाशीपोटी यायचं. सोबत दोन उकडलेली अंडी, भरपूर लोणी लावलेला पाव आणि सायीचं दूध आणायचं. पहिला फोटो झाला की ते खायचं, आणि तासाभरानं दुसरा फोटो.

भीमरावांनी त्या दिवशी रजा काढली. आत्याबाईंनी पहाटे उठून अंडी उकडली. डबा हातात देताना त्यांना फार बरं वाटत होतं. दवाखान्यात एवढं चांगलंचुंगलं खायला सांगतात म्हणजे दवाखाना चांगला असणार.

पहिल्या फोटोची ओली फिल्म क्ष-किरण विभागातल्या डॉक्टरांनी उजेडासमोर धरली. लहान वांग्याएवढी एक सावली. "पिशवी छान भरलीये. खडा नाही." मी भीमरावांकडे पाहिलं नाही. पुन्हा काही नाही निघणार, हे मला कळून चुकलं होतं.

मग आम्ही व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. भीमराव अंडी सोलून देत होते आणि मी खात होते. आपण काय करतो आहोत हे मला ठाऊक होतं. लोण्याचा पाव गिळताना हात थांबला.

"नको असेल तर राहू दे," ते म्हणाले.

"खायलाच आलोय."

वीस-पंचवीस मिनिटांनी कळ आली. मी उठून भिंतीपाशी गेले. भीमरावांनी आतापर्यंत ती कधी पहिल्यापासून पाहिली नव्हती. ते कामावरून येत तेव्हा मी पांढरी पडून अंथरुणावर असायची. या वेळी त्यांनी ती उगवताना पाहिली. माझ्या कपाळावर घाम आला, तो पाहिला. आतून हाक आली तेव्हा मला चालवेना. त्यांनी धरून टेबलावर नेलं.

दुसऱ्या फिल्मवर सावली जशीच्या तशी होती. तेवढीच मोठी, तेवढीच भरलेली. क्ष-किरणवाल्या डॉक्टरांनी दोन्ही फिल्म शेजारी धरल्या. "एवढ्या लोण्यानंतर ही निम्म्याहून लहान व्हायला पाहिजे होती," ते म्हणाले. "तसूभर हललेली नाही."

मला रडू आलं. दुखत होतं म्हणून नाही. कोणीतरी पुरावा काढला होता.

परतीच्या बसमध्ये भीमरावांनी मला खिडकीची जागा दिली.

निरोप

पुढच्या आठवड्यात देवरे डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवलं. मी शिक्षिका आहे म्हणून असेल, पण त्यांनी कागद घेऊन चित्र काढलं. ते मी इथे सांगते, कारण मला तेवढ्यानं निम्मं बरं वाटलं होतं.

आपण तुपकट काही खाल्लं की ते जठरातून लहान आतड्यात उतरतं. आतड्याच्या अस्तरातल्या काही पेशींना ते कळतं आणि त्या रक्तात एक रसायन सोडतात. ते रक्तातून फिरत पित्ताशयापर्यंत पोचतं. पित्ताशयाच्या भिंतीत स्नायू असतो. त्या स्नायूच्या पेशींवर या रसायनाला बसायला जागा असते. ते तिथे बसलं की पेशीच्या आत कॅल्शियम मोकळं होतं आणि पेशी आखडते. अशा असंख्य पेशी मिळून आखडल्या की पिशवी पिळली जाते आणि पित्त आतड्यात जातं. त्याच वेळी खालचं तोंड सैल सुटायचं असतं.

"मग माझ्यात काय बिघडलंय? निरोप पोचत नाही का?" मी विचारलं.

"पोचतो बहुतेक. पोचतो म्हणूनच दुखतं. पिशवी आखडू पाहते, पित्त पुढे सरकत नाही, आत दाब वाढतो. मान अरुंद असेल, भिंत जाड झाली असेल, स्नायूच नीट ऐकत नसेल. फोटोवरून तेवढं सांगता येत नाही. आणि खरं सांगू? या निरोपाचं सगळं आम्हालाही अजून कळलेलं नाही."

भीमरावांनी तेव्हा प्रथमच तोंड उघडलं. "साहेब, हे मनानं होऊ शकतं?"

डॉक्टरांनी आपला हात टेबलावर ठेवला आणि मूठ मिटली. "हा स्नायू माझं ऐकतो. पित्ताशयाचा ऐकत नाही. तुम्ही आत्ता मनात आणून तुमचं पित्ताशय आखडून दाखवा बरं." मग म्हणाले, "काळजीनं दुखणं जास्त जाणवतं, ते वेगळं. पण फिल्मवरची सावली काळजीनं अडून राहत नाही."

मग ऑपरेशनचं. पिशवी काढावी लागेल. तिच्याविना माणूस जगतो; पित्त यकृतातून थोडं थोडं थेट आतड्यात येत राहतं. खडा नसताना काढली तर दुखणं जाईलच अशी खात्री ते देऊ शकत नव्हते. "बहुधा जाईल," ते म्हणाले. "बहुधाच्या पुढे मी जाणार नाही."

भीमरावांनी संमतीचा कागद दोनदा वाचला. बॉयलर उघडण्याआधी परवान्याचा कागद वाचतात तसा, एकेक ओळ बोटाखाली धरून. मग सही केली.

वॉर्ड

भूल उतरल्यावर पहिली आठवण नाकातल्या नळीची. दुसरी, कुशीतून बाहेर आलेल्या रबरी नळीची. खोकला आला की उशी पोटाशी घट्ट धरायची, हे शेजारच्या खाटेवरच्या बाईनं शिकवलं. पहिले तीन दिवस मी कोणाशी बोलले नाही. भीती ऑपरेशनची नव्हती, ते झालं होतं. भीती ही की जेवण सुरू झाल्यावर पुन्हा दुखेल आणि मग मनाचं म्हणायला कोणाला अडवता येणार नाही.

शेजारच्या बाईचं नाव सखूबाई. पेठकडच्या डोंगरातल्या. त्यांच्या पित्ताशयातून नऊ खडे निघाले होते. इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत भरून त्यांनी ते उशाशी ठेवले होते. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला बाटली हलवून दाखवायच्या. खडे खुळखुळायचे. मला भेटायला येणाऱ्या शिक्षिकाही आधी तीच बाटली पाहायच्या आणि मग मला विचारायच्या, "तुमचे कुठायत?"

"मला खडे नव्हते."

"मग कशाला हो काढलं?"

दोन-तीनदा हे ऐकल्यावर सखूबाईंनी एका दुपारी बाटलीचं बूच काढलं आणि एक पिवळट खडा तळहातावर घेऊन माझ्यापुढे धरला. "एक तू घे बाई. दाखवाया व्हईल. माझ्याकडं लय हायेत."

मला हसू आलं आणि टाके असे ताणले गेले की डोळ्यांत पाणी आलं. खडा मी घेतला नाही. पण त्या दुपारनंतर आम्ही बोलू लागलो.

चौथ्या दिवशी देवरे डॉक्टरांनी सांगितलं की पिशवीची मान वाकलेली आणि बोरूच्या टोकाएवढी बारीक होती, भिंत जाडजूड झाली होती. आत्याबाई तेव्हा खाटेच्या पायथ्याशी उभ्या होत्या. त्या पुढे आल्या.

"साहेब, मी दूध पाजलं पोरीला. साय घालघालून. त्यानं खराब झालं का?"

डॉक्टर आपल्या गावाकडच्या बोलीत म्हणाले, "नही माय, दूधना काही दोष नही शे." मग समजावलं: मान आधीपासूनच तशी असणार. दुधानं फक्त निरोप धाडला, तो आपलं काम करत होता.

ते गेल्यावर मी आत्याबाईंना सगळं सांगितलं. दुधानं दुखतं हे मला जानेवारीपासून माहीत होतं, आणि कप छायाला पाजत होते, हेही.

त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मग बोलली का नाय?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"आन् आता वाटत नाय व्हय?" त्या म्हणाल्या. "मी काय वाघीण हाय का, तोंडानं सांगाया भ्यायला?"

दोन दिवस त्या आल्या नाहीत. भीमराव डबा घेऊन यायचे आणि "आई बरी आहे" एवढंच सांगायचे. तिसऱ्या दिवशी त्या आल्या, आयाकडून गरम पाणी मागून घेतलं आणि माझे आठ दिवसांचे गुंतलेले केस सोडवायला बसल्या. एकेक बट हातात धरून, मुळाशी ओढ लागू न देता. तासभर लागला. दुधाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. माझ्याशी मात्र तेव्हापासून त्या समोरासमोर भांडू लागल्या, आणि मीही. ते आम्हा दोघींच्या तब्येतीला मानवलं.

टाके निघून घरी आल्यावर वरण-भातावर चमचाभर तेल घेऊन मी घड्याळ समोर ठेवून बसले. भीमराव शेजारी बसले. पाऊण तास गेला, तास गेला, दीड तास गेला. "जेवण पचलं वाटतं," ते म्हणाले. माफी त्यांनी कधी मागितली नाही. त्या दिवशी दुसऱ्या पाळीला मात्र ते जाणूनबुजून उशिरा गेले, आणि ते कामावर कधीच उशिरा जात नसत.

नंतर

पहिलं वर्ष तेलकट जपूनच खाल्लं. कधी पोट बिघडायचं. ती कळ मात्र परत आली नाही. दर वेळी इतकं सरळ होतंच असं नाही, हेही सांगायला हवं. मला भेटलेल्या तिघींपैकी एकीचं दुखणं वेगळंच निघालं. तिघींनाही मी तेच म्हटलं: काय खाल्ल्यावर कधी दुखतं ते लिहा. ऐकणारा डॉक्टर मिळेपर्यंत वही टाकून देऊ नका. आणि घरच्यांपासून लपवू नका, माझे दोन महिने त्यात गेले.

ऑपरेशननंतरच्या जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मी रुजू झाले. कार्यालयात रजेचा अर्ज कारकुनानं आधीच भरून ठेवला होता. आजाराच्या रकान्यात त्यानं लिहिलं होतं: पोटदुखी. आधीच्या वर्षभरातल्या माझ्या सगळ्या रजांवर तोच शब्द होता.

"हे बदलायला लागेल," मी म्हटलं.

"पोटच दुखत होतं ना बाई? चालतं तसं."

"नाही चालत. दाखला जोडलाय, त्यात बघा."

त्यानं दाखला पाहिला, त्याला इंग्रजी लागेना. मुख्याध्यापिका कपाटापाशी उभ्या होत्या, त्यांनीही मान वर केली. वर्गात मुलं गलका करत होती. मी टेबलाजवळ उभी राहून सावकाश सांगितलं, "लिहा. पित्ताशयाचं आकुंचन होत नव्हतं. शस्त्रक्रिया."

त्यानं पोटदुखीवर आडवी रेघ मारली. वरच्या जागेत बारीक अक्षरात लिहायला घेतलं आणि मध्येच टाक उचलला.

"आकुंचनमध्ये अनुस्वार कशावर?"

"कु-वर," मी म्हटलं. त्यानं तो दिलेला पाहिला आणि वर्गावर गेले.